एकसष्टाव्या पानाचा समास

"डाग होते ते, नाना. पेन्सिलीचे डाग. छापलेल्या एका अक्षराला मी धक्का लावलेला नाही."

दातकाका पेशंटला 'आता अजिबात दुखणार नाही' ज्या आवाजात सांगतो ना, त्याच आवाजात हे बोलला. माझं डोकंच फिरलं. समोरच्या स्टुलाला मी लाथ घातली. ते जाऊन कपाटावर आदळलं आणि वरच्या फळीवरून धुलाई पलटण खाली पडली.

"स्टूल उचल," आई म्हणाली.

"आधी पुस्तक उचल," नाना म्हणाले.

धुलाई पलटण म्हणजे पुस्तक, सैन्याचे कपडे धुणाऱ्या तुकडीचा इतिहास. ते मी उचललं. स्टूल आडवंच राहिलं. पुढचा अर्धा तास जो तो त्याला अडखळत होता पण उचलत कुणी नव्हतं, कारण आमच्याकडे भांडण चालू असताना वस्तू सरळ करणं म्हणजे माघार घेणं.

नाना माझे आजोबा. बेचाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात प्रूफं तपासली. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर वाचन बंद. नवा चष्मा आदल्या संध्याकाळी आला. रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि मला म्हणाले, "आण." काय आण ते विचारायची गरजच नव्हती. पूल कंपनीचं ते पुस्तक महिनाभर काकाकडे होतं, 'शिवण सैल झालीये, नीट करून देतो' म्हणून त्याने नेलेलं. नवीन कापडी पुठ्ठा घालून, चांगल्या कागदात गुंडाळून त्याने ते आणलं होतं. नानांनी एकसष्टावं पान काढलं. समास पांढरा स्वच्छ होता.

काकाची बाजू त्याने मला नंतर सांगितली, तीपण सांगतो, नाहीतर म्हणेल माझ्यावर अन्याय केला. तीन रविवार तो खाली दवाखान्यात बसला होता. मऊ रबर, कापूस आणि दातांसाठी वापरतो ते कपाळावरचं भिंग. एकेक पान. आयुष्यभर तो नानांच्या पुस्तकांना 'रद्दी' म्हणत आला आणि नाना त्याला 'दातवाला' म्हणत आले. या वेळी त्याला वाटलं, आपल्या हाताने काहीतरी करून द्यावं. त्याच्या हाताला काय येतं? साफ करणं. ते त्याने केलं, आणि इतकं सुंदर केलं की नव्या चष्म्यातून नानांना काही म्हणजे काहीच दिसलं नाही.

आता या पुस्तकांबद्दल. आईला वाटतं यांच्यापायी मी शाळा सोडली. तसं नाहीये. शाळा मी शाळेपायी सोडली.

नानांकडे तीनशे अठरा आहेत. सगळी सैनिकांनी स्वतः लिहिलेली, आपापल्या पलटणीची. लिहिणारा कुणी तारवाला असतो, कुणी मोटारी दुरुस्त करणारा, कुणी कारकून. लढाई संपून वीस-पंचवीस वर्षं झालेली असतात, केस गेलेले असतात, आणि एक दिवस तो ठरवतो की हे आपण नाही सांगितलं तर कोण सांगणार. मग वर्गणी काढायची, लग्नाच्या पत्रिका छापणाऱ्याकडून दीडशे प्रती छापून घ्यायच्या आणि उरलेल्या सोबत्यांना टपालाने धाडायच्या. दुकानात ही पुस्तकं जातच नाहीत. कबुतरं सांभाळणाऱ्या तुकडीचं एक आहे, त्यात एकेका कबुतराचा स्वभाव दिलाय, अधिकाऱ्यांचा कुणाचाच नाही. एका तारवाल्याने सतरा पानं ओल्या मोज्यांवर लिहिलीयेत. मी ती रद्दीवाल्याच्या काट्याशेजारी उभ्या उभ्या वाचली आणि माझे पाय गार पडले. त्याला वाक्य कुठे संपवायचं कळत नाही. पण ओला मोजा काय असतो हे त्याच्याइतकं कुणाला सांगता येणार नाही. शाळेत आम्हाला निबंध शिकवणाऱ्या बाईंना तर नाहीच.

आणि नानांचा खरा जीव समासात. ही माणसं आपली प्रत घरी आली की पेन्सिल घेऊन बसायची आणि भांडायची. 'थापा. गाडी मी चालवत होतो.' 'थंडीचं हा काय सांगतो, याच्याकडे दोन कोट होते.' मागे मेलेल्यांची यादी असते. नंतर गेलेल्यांची नावं तिथे हाताने वाढवलेली असतात, दर वेळी पेन्सिल वेगळी. शेवटचं नाव बहुतेक बाईच्या अक्षरात असतं. ते पुस्तकाच्या मालकाचं. गोळा करणारे बाकीचे लोक कोरी प्रत शोधतात, नाना लिहिलेली शोधतात. लहानपणी मला या घरात पेन्सिली हव्या तेवढ्या मिळायच्या, रबर कधीच नाही.

त्यात पूल कंपनीचं, म्हणजे फौजेसाठी पूल बांधणाऱ्या तुकडीचं, पुस्तक वेगळं. नानांचे थोरले भाऊ त्या कंपनीत होते. ते आमचे बर्फआजोबा, आता नाहीत, बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं लाद्या ओढणारे. त्यांची मुलगी म्हणजे मोठी आत्या. ती नर्स होती, आता निवृत्त आहे, आणि नानांच्या डोळ्यांत थेंब घालायला रोज यायची. त्या रविवारीही ती तिथेच होती, हातात थेंबांची बाटली घेऊन.

एकसष्टाव्या पानावर बर्फआजोबांचं नाव नाही, पण ते तिथे आहेत. माघार घेताना पूल उडवायचा होता. आपलं कुणी पलीकडे राहिलं असेल तर अलीकडच्या खांबापाशी उभ्या असलेल्या माणसाने कंदील वर धरायचा, म्हणजे उडवणारे थांबतील. छापलंय ते एवढंच: 'कंदीलवाला जागेवर नव्हता. पूल उडवण्यात आला. अकरा जण पलीकडे राहिले.' कंदीलवाला कोण, हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. गावातही झालं.

चाळीस वर्षांत नानांनी दीडशेपैकी सात प्रती मिळवल्या. सहा प्रतींत त्या पानाशेजारी कुणी काही लिहिलेलं नाही. सातवी दोन महिन्यांपूर्वी आली, कंपनीच्या स्वयंपाक्याच्या मुलीकडून, वाचून परत करायच्या बोलीवर. मागताना नानांनी तिला भावाचं नाव कळवलं होतं. सोबत चिठ्ठी होती: बाबा वर्षातून एकदा हे घेऊन बसायचे, मी कधी उघडलं नाही. नानांनी पान काढलं तर समासात वरपासून खालपर्यंत पेन्सिल. मोतीबिंदूमुळे त्यांना नुसत्या मुंग्या दिसल्या. मी म्हटलं, मी वाचून दाखवतो. "नको," नाना म्हणाले. "एवढी वर्षं थांबलोय. माझ्या डोळ्यांनी वाचेन." आणि मिटून ठेवलं.

म्हणजे ते वाचलेलं कुणीच नव्हतं.

"पुसताना तू तरी वाचलं असशील," आई काकाला म्हणाली.

"भिंगाखाली एका वेळी एक अक्षर येतं, वहिनी. दात बघतो तेव्हा मी माणूस बघत नाही."

"ते आमच्या लक्षात आलंय."

"काका, तू विचारलं का नाहीस?" मी म्हटलं.

"सरप्राइज होतं ते."

"झालं की मग."

नाना कुणावर ओरडले नाहीत. समासावरून अंगठा फिरवत बसले होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "बरं झालं पुसलं ते."

सगळे तिच्याकडे वळले. काकाच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "बघा. ताईलासुद्धा..."

"तू मध्ये बोलू नकोस. तुझी बाजू नाही घेतलेली मी." तिने बाटलीचं झाकण घट्ट केलं. "नाना, सहा प्रती कोऱ्या निघाल्या तेव्हा मी सहा वेळा सुटले. सातवीत काहीतरी आहे म्हणालात आणि माझी झोप उडाली. तुम्हाला ते कोडं आहे. मला ते बाबा आहेत."

"वाईटच लिहिलं असेल असं का धरतेस?"

"तुम्हीच सांगता ना, ही माणसं समासात भांडायला लिहितात? मग चांगलं कोण लिहील?"

आत्याने जिन्यात मला नंतर एक गोष्ट सांगितली. लहानपणी वीज गेली की तिची आई कंदील लावायची आणि बर्फआजोबा न बोलता उठून बाहेर जाऊन उभे राहायचे. वीज आली की आत यायचे. तिला वाटायचं सगळ्यांचेच वडील तसं करतात. शाळेत सातवीत असताना मैत्रिणीकडे वीज गेली, आणि मैत्रिणीचे वडील कंदिलाच्या उजेडात पत्ते पिसत बसलेले तिने पाहिले. त्या दिवशी तिने पहिल्यांदा आईला विचारलं.

पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की काका सुटतोय. मी नानांच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं.

"काय करतोयस?"

"याचा पुठ्ठा काढून याच्या हातात देतोय."

"पुस्तक दुसऱ्याचं आहे, गाढवा," आई म्हणाली.

मी खिडकीशी गेलो आणि पुठ्ठा मागे वळवला. पान तिरकं झालं, ऊन कडेने आलं, आणि समासात काहीतरी हललं. मी पान जरा खाली केलं. गेलं. जरा वर केलं. आलं. बारीक बारीक चऱ्या, नखाने ओढाव्यात तशा. काकाने शिसं काढलं होतं. दाबाचं तो काय करणार? लिहिणाऱ्याने पेन्सिल अशी दाबली होती की कागद खाली बसला होता.

"इथे ह आहे," मी म्हटलं.

मी पान आणखी जरा तिरकं केलं.

"आणि हा बहुतेक खांब. नाही, मी. 'मी' आहे."

काका आला, माझ्या खांद्यावरून वाकला. त्याचा श्वास मला कानाशी लागत होता. मघाचं भांडण तो विसरला होता, मीपण. "ऊन नको," तो म्हणाला. "ऊन हलतं. खाली चल. माझा दिवा पाहिजे त्या कोनात थांबतो."

सगळ्यांत आधी जिना उतरला तो तोच. रविवार असल्यामुळे दवाखाना बंद होता. त्याने शटर अर्धं वर केलं, पेशंटच्या खुर्चीचा दिवा ओढून पार आडवा केला. नाना खुर्चीत बसले, कारण तिथे दुसरी खुर्चीच नाही. औजारांच्या ट्रेवर काकाने स्वच्छ रुमाल पसरला आणि त्यावर पुस्तक ठेवलं. दिवा लागला, आणि समास नांगरलेल्या शेतासारखा उठून दिसला.

"थांब," नाना मला म्हणाले. मग आत्याकडे वळले. "तू म्हणशील तर वाचू. नको म्हणालीस तर आत्ता मिटतो, परत नाव काढणार नाही."

आत्या दाराशी उभी होती. "एवढं काय पडलंय तुम्हाला, नाना? एवढी वर्षं?"

नानांनी चष्मा काढला. "हे पान माझ्या टेबलावर आलं होतं. आमच्याच छापखान्यात छापलं हे. मी प्रूफ तपासलं. दोन चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या, बाकी ठीक म्हणून सही केली. दादा आठ मिनिटांवर राहायचा. जाऊन विचारलं नाही की बाबा रे, हे असंच झालं का."

आईने माझा दंड धरला. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. काकालाही नाही.

"बाबांना माहीत होतं," आत्या म्हणाली. "शेवटच्या पानावर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात तुमचं नाव छापलंय, प्रूफं तपासणारा म्हणून. मला दाखवलं होतं त्यांनी."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, एकही चूक ठेवली नाही बघ त्याने."

नानांनी मान खाली घातली. आत्या आत आली, आणि दात खराब झालेली पोरं जिथे रडतात त्या छोट्या बाकावर बसली. "वाच," ती मला म्हणाली.

नानांना अजून वाकायची मनाई होती म्हणून मी वाचत होतो, काका दिवा केसभर इकडे, केसभर तिकडे करत होता, आणि आई अपॉइंटमेंटच्या कार्डामागे लिहीत होती. पाऊण तास लागला. एका शब्दावर मी आणि काका दोनदा भांडलो. दोन्ही वेळा तो बरोबर निघाला, हे इथे लिहावंच लागेल. कार्डावर शेवटी हे होतं:

'हे खरं आहे पण अर्धं. कंदीलवाल्याला मी बोलावलं. गाडीतून जेवणाचे डबे उतरवायला माणूस नव्हता. तो म्हणाला जागा सोडता येत नाही. मी परत हाक मारली. मी वयाने मोठा होतो. डबे जड होते. पुढे चौकशी झाली तेव्हा त्याने माझं नाव सांगितलं नाही. कधीच नाही सांगितलं. त्याच्या घरी जा'

त्यापुढे कागद सपाट होता. तिथे रबर जास्त फिरलं होतं. जायला हवं होतं, की जाऊन आलो, की जाणार, काही कळायला मार्ग नाही.

"आमच्याकडे कुणी आलं नाही," आत्या म्हणाली. मग उठली आणि काकाच्या बेसिनपाशी जाऊन हात धुवायला लागली. नर्सा धुतात तसे, कोपरापर्यंत. बराच वेळ नळ चालू होता. आई टॉवेल घेऊन मागे उभी राहिली.

मी बर्फआजोबांचा विचार करत होतो. मला ते एवढेच आठवतात: जाड हात, खिशात शेंगदाणे. वीस वर्षांचे असताना त्यांना कुणीतरी विचारलं असेल, जागा का सोडलीस? एक नाव घेतलं असतं तर सुटले असते. मी तर वर्गात खडू कुणी फेकला ते पहिल्या झटक्याला सांगितलं होतं. आणि यांनी साठ वर्षं नाव पोटात ठेवलं, बायकोला नाही, मुलीला नाही, सख्ख्या भावाला नाही. असली माणसं या पुस्तकांत असतात म्हणून मी रद्दीवाल्यांकडे फिरतो, आणि एक आमच्याच घरात शेंगदाणे खात बसलेलं होतं.

हात पुसून आत्या खुर्चीपाशी आली. "वाका," ती नानांना म्हणाली. "डॉक्टर नाही म्हणालेत, पण पाच मिनिटांनी काही होत नाही. मी आहे इथे." आणि तिनेच दिवा खाली ओढला. नानांनी नवा चष्मा लावला आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. बोट न टेकवता, ओठ हलवत. प्रूफं तशीच वाचायचे ते म्हणे. पाचाची वीस मिनिटं झाली, तरी तिने त्यांना उठवलं नाही.

मग दुसरं भांडण झालं, पण आवाज न चढवता.

"मी गिरवून देतो," काका म्हणाला. "भिंगाखाली, रेघ न रेघ."

"नको," नाना म्हणाले. "मग ते तुझं अक्षर होईल."

"मग कोरंच पाठवा," आत्या म्हणाली. "त्या बाईने कधी उघडलेलं नाही. तिच्या वडिलांचं तिला कशाला कळायला हवं? ते घेऊन जगणं काय असतं ते मला विचारा."

गंमत म्हणजे आता काका उलटला. "ताई, मी पुसलंय ते. एक तर मी तिला सांगणार, नाहीतर जन्मभर मला हा दिवा लावताना ते आठवणार."

"तुझ्या दिव्यासाठी तिला दुखवायचं?"

"तिच्या बाबांनी लिहिलं होतं, पुसलं नव्हतं. त्यांना कुणीतरी वाचावंसं वाटत असेल ना?"

दातकाकाकडून मी आजवर ऐकलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य. आत्यालाही ते लागलं असावं. तिने नानांकडे पाहिलं. नाना एवढंच म्हणाले, "मी एकदा पान तसंच पुढे पाठवलंय."

आत्याने पुस्तक रुमालासकट उचललं आणि पोटाशी धरलं. "मग मी नेते. टपालाने नाही. आणि हा येईल माझ्याबरोबर, याला बॅटरी कशी धरायची ते कळतं. मी तिच्याशेजारी बसेन. तिला वाचायचं असेल तर वाचेल, नको असेल तर चहा पिऊन परत येऊ."

"मी येऊ?" काकाने विचारलं.

"तू तिचे दात बघत बसशील."

आज शनिवार. काल काकाने तिला फोन केला. मी शेजारीच होतो, फोन त्याने मोठ्या आवाजावर ठेवला होता, एकट्याने ऐकायची हिंमत नसावी. त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही: मी पुसलं, मला कळलं नाही, पण अक्षर अजून दिसतंय. माझी ताई घेऊन येतेय, ती दाखवेल. मग त्या बाईंनी विचारलं, "ताई म्हणजे कोण? कंदीलवाल्याची मुलगी?"

कंदिलाचं तर काकाने नावही काढलं नव्हतं. शेवटी हो म्हणाला.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "तिला सांगा, जेवायलाच या. नुसत्या चहावर नका जाऊ."

आत्याला हे सांगितलं. आज तिने इस्त्रीची साडी नेसलीये आणि सकाळपासून तीनदा विचारलंय, बॅटरीत सेल नवे घातलेस ना. आता खाली शटरपाशी उभी आहे. साडेदहाची बस आहे आणि माझ्या पायात अजून चप्पलही नाही. मला निघायला हवं.